गिळलेला ‘उ’

ओसाकाच्या बाजारात गरम क्रोकेटच्या रांगेत मिसाएच्या पुढे दोन अनोळखी बायका उभ्या होत्या. दुकानातल्या रेडिओवर एक मुलगी बातम्या देत होती.

"ऐक गं साचिए, वाक्य संपवणारं ‘देसु’ म्हणताना शेवटचा ‘उ’ कसा अलगद गिळते बघ! नुसता श्वास सोडते."

"टोकियोचीच असणार. आपण ओसाकावाले तो ‘उ’ शेवटपर्यंत चघळत बसतो."

"माझा धाकटा तिकडे नोकरीला लागला, तर पहिल्याच दिवशी सगळे फिदीफिदी हसले त्याला."

"हसणारच. हे काय शिकून येतं होय? तिथलं पाणी प्यावं लागतं जन्मापासून."

मिसाएच्या डोळ्यांपुढे तिची चिहारु आली. न्हाणीघरात गळ्यावर बोटं टेकवून, घसा थरथरू न देता, हाच ‘देसु’ घोटणारी. आणि बाहेरून ओरडणारा तिचा मासेविक्या बाप: "ए टोकियोवाले, जेवायला ये, मासा गार झाला!"

"आपल्या मासळीबाजारातल्या एखाद्या पोरीला जमेल का गं असं?"

"सात जन्म घेतले तरी नाही जमायचं!"

"काय हो ताई, तुम्हीही कान देऊन ऐकताय मघापासून. अस्सल टोकियोची ना ही?"

‘माझी मुलगी आहे ती’ म्हणायला मिसाएचे ओठ हलले, पण आवाज तिने आतच ठेवला.

"शंभर नंबरी," ती मान ताठ करून म्हणाली. "आणि आता जरा गप्प बसा बघू दोघी. हवामानही तीच सांगणार आहे."