उजव्या बाजूची खूण

माझा जन्म कलकत्त्याचा, खिदिरपूरचा, वडील गोदीवर कस्टममध्ये होते, घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, असं आमचं. बीएस्सी झाले आणि लग्न ठरेपर्यंत म्हणून एका प्रयोगशाळेत लागले, ती रिटायर होईपर्यंत तिथंच. लग्न राहिलं ते राहिलंच, जाऊ दे, तो विषय नाही.

विषय नंदितादींचा. आमच्या मोठ्या बाई, मेंदूवर काम करायच्या, तेव्हा बायका कुठे करत होत्या ते? पांढऱ्या उंदरांना एकाच पंजानं दाणा काढायला शिकवायच्या, आणि त्यांचं म्हणणं असं, की शिकलं की मेंदूची एक बाजू बदलते, मोजता येईल इतकी. मोठमोठे डॉक्टर हसायचे. दीदींना बसवत नसे हो, चहा हातात घेऊन नुसत्या येरझाऱ्या, आणि त्यांच्यामुळे मलाही चैन नाही.

माझं काम मेंदू मेणात बसवून पातळ काप काढायचं. काप काचेवर गेला की डावं-उजवं कळत नाही, म्हणून मेंदू अख्खा असतानाच उजव्या बाजूला सुईनं भोक पाडायचं. उंदराच्या उजव्या, माझ्या नव्हे.

सत्तरनंतर ते लोडशेडिंग सुरू झालं, भरदुपारी दिवे जायचे, मग मी मेंदूंचा ट्रे तसाच ठेवून टेबलाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला जाऊन बसायची आणि तिथल्या उजेडात खुणा करायची. त्याच दिवसांतल्या कापांवर दीदींना हवं ते सापडलं. मला मिठी मारली त्यांनी, म्हणाल्या आता हसू देत, आणि परदेशी पत्र लिहिलं, की फरक सापडला. आणि मग एका दुपारी दिवे गेले, मी उठून पलीकडे बसले, सुई उचलली आणि हात तिथंच थांबला. सगळ्या मेंदूंची नाकाकडची टोकं माझ्याकडे होती. माझं उजवं ते त्यांचं डावं. म्हणजे अर्ध्या मेंदूंवर खूण उलटी होती, आणि दीदींचं सगळं त्यावरच उभं.

काय सांगू तुम्हाला, जेवण जाईना. नोकरीची भीती होतीच, पण दीदींचं तोंड बघवेल का ही जास्त. सांगितलं शेवटी. त्यांनी एवढंच विचारलं, कधी कळलं? मी म्हटलं, आजच.

ओरडल्या नाहीत. स्वतःच्या हातानं त्या सगळ्या काचा बादलीत टाकल्या, परदेशी दुसरं पत्र लिहिलं की पहिलं खरं धरू नका, आणि नव्या उंदरांपासून सुरुवात केली. दोन वर्षं गेली. फरक निघाला तो इतका बारीक, की हसणारे हसतच राहिले. दीदींनी तसाच छापला. बऱ्याच वर्षांनी बाहेरच्या लोकांनी तेच दाखवलं, तेव्हा दीदी नव्हत्या.

त्या छापलेल्या लेखाखाली त्यांनी माझे आभार मानलेत, नावानिशी. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल. भाची फ्रेम करून देते म्हणाली, मी करू दिली नाही.

आता पंचाहत्तरी उलटली, अजून एका जागी बसवत नाही मला. तुम्ही लिहून घेताय तर एवढं नीट लिहा, देव तुमचं भलं करो. मी त्यांना ‘आजच’ म्हटलं, ते खरं नाही. मला आठ दिवस आधी कळलं होतं, आणि त्यांचं ते पहिलं पत्र त्या आठ दिवसांत गेलं. पोस्टात मीच टाकलं.