शेवंताक्कांची युरोपची बस

वडगावकर मंडळी, शेवंताक्कांच्या लेकरांनो, सुनांनो,

तुम्ही आज यंत्रमाग बंद ठेवून आक्कांच्या शोकसभेला आलात. एरवी या गल्लीत ओरडून बोलावं लागतं. आज हळू बोललं तरी ऐकू जातंय, आणि त्यानंच मला बोलणं अवघड होतंय.

मी शेजारच्या शहापूरचा, निवृत्त मास्तर. आक्कांच्या नात्यातला नाही. आमची ओळख बसमधली.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको युरोपच्या सहलीला निघणार होतो. सगळी तयारी झाली, आणि दोन महिने आधी ती गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी जाऊन या." मी गेलो. बसमध्ये शेजारच्या सीटवर तिची शाल ठेवली आणि बसून राहिलो. बस थांबली की सगळे उतरायचे. मी उतरायचो नाही.

पलीकडच्या सीटवर आक्का होत्या. इरकल साडी, वर सुनेचा स्वेटर, पायात नातवाचे बूट! पोरं म्हणाली होती, "आई, तुला इंग्रजी येत न्हाय." आक्का म्हणाल्या, "गाडीत बसायला इंग्रजी कशाला लागतंय रं?"

मला असल्या सहलींचं हसू यायचं. बारा दिवसांत सात देश. त्यात बघायचं काय आणि लक्षात ठेवायचं काय? मी तसं आक्कांना बोलूनही दाखवलं. त्या काय म्हणाल्या, ऐका.

"गुर्जी, जल्मभर घरात सगळ्यांस्नी मी उठवलं. पाणी मी भरलं, मागाच्या सुताच्या कांड्या मी भरल्या, वाढलं मी. हितं सकाळी फोन वाजतोय, मला उठवायला. ताट मांडून ठेवलंय, मला खायाला. आणि मग खिडकीत बसायचं. डोंगर आपणहून म्होरं येतोय. लई बरं वाटतंय बघा."

मंडळी, माझी बायकोही बत्तीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठली होती. ती या सहलीसाठी का हट्ट धरून बसली होती, ते मला तिथं, त्या बसमध्ये कळलं. इतक्या उशिरा!

मग ऑस्ट्रियात एका तळ्याकाठी बस थांबली. चाळीस मिनिटं. सगळे उतरले. आक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मी म्हटलं, "जा की आक्का."

"तुम्ही येत न्हाय, व्हय? मग मीबी हितंच."

"अहो, तळं बघायला एवढ्या लांब आलात!"

"तुम्हीबी आलाय की."

दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. बाहेर ते निळं पाणी, आणि ही बाई माझ्यासाठी सीटला चिकटून बसलेली. शेवटी मलाच लाज वाटली. उठलो. पाण्यापाशी गेलो, आणि तिथं मला रडू फुटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. आक्का पाण्यात पाय सोडून शेजारी बसून राहिल्या.

परतायला आम्हाला पंधरा मिनिटं उशीर झाला. टूर मॅनेजर चिडलेला. उशीर करणाऱ्यानं माईकवर गाणं म्हणायचं, असा त्याचा नियम. माझे डोळे लाल. आक्कांनी माईक ओढून घेतला. "माझ्यामुळं उशीर झालाय, गुर्जींचा काय दोष न्हाय," असं धडधडीत खोटं बोलल्या आणि एक कन्नड भजन इतकं बेसूर म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा हसला.

दुसऱ्या दिवशी मी शाल बॅगेत ठेवली आणि आक्कांना म्हटलं, "या, इकडं खिडकी मोठी आहे."

हे सगळं आक्कांनी इथं येऊन तुम्हाला सांगितलंच असणार. माझं रडणं सोडून. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, हे मला परवा त्यांच्या थोरल्या सुनेकडून कळलं.

आता एकच बोलतो. त्यांचं ऐकून या गल्लीतल्या तीन बायकांनी यंदा त्याच सहलीला नावं दिली आहेत. आक्का त्यांना घेऊन जाणार होत्या. आक्का गेल्या, आणि घरातले पुरुष म्हणतायत, राहू दे आता, कोण नेणार? त्या तिघी इथंच बसल्या आहेत. खाली मान घालून बसल्या आहेत.

दादांनो, हात जोडतो. नावं काढू नका. मी जातो बरोबर. इंग्रजीचं मी बघतो, बॅगाही मी उचलतो. त्यांना फक्त खिडकीत बसू द्या.

आता उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

आक्का, नमस्कार करतो.