नावं काढलेली माहिती

परळच्या बसथांब्यावर रमाबाईंच्या पुढे एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी बोलत उभे होते.

“सर, गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांची आपली सगळी माहिती नेटवर खुली टाकूया. जगात कुणालाही फुकट वापरता येईल.”

“आणि परदेशातला कुणीतरी आपल्याआधी पेपर छापेल.”

“आपल्याकडे धड सॉफ्टवेअरसुद्धा नाही, सर. खुली नाही केली तर ती कपाटातच पडून राहणार.”

“बरं. पेशंटची नावं काढलीस?”

“सगळी. वय, वस्ती आणि छंद ठेवलेत.”

“एखादी नोंद वाच बघू.”

“स्त्री, वय चौऱ्याहत्तर, काळाचौकी. भजनी मंडळात पखवाज वाजवते.”

“छान. यावरून कोण ओळखणार?”

रमाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गेल्या शिमग्याच्या आधी त्या गिरणी कामगारांच्या तपासणीसाठी नळीत फुंकून आल्या होत्या. पुढे कुणी काही कळवलंच नव्हतं.

“बाय, त्या बाईच्या फुफ्फुसात काय निघालं गो?”

“ते गोपनीय असतं, आजी. कुणाला सांगता येत नाही.”

“माझीच आहेत ती फुफ्फुसं.”

बस आली. रांगेतली बाकीची माणसं चढली. ती तिघं थांब्यावरच राहिली.