सायीचा रंग

काका : हा माझा रंग नाही.

पेंटर : काका, गाडीच्या दारावर हात ठेवून बोला. नमुन्याला पत्र्याचे नऊ तुकडे रंगवून दाखवले मी तुम्हाला. नवव्यावर तुम्ही सही केलीत. ही बघा मागे, तारखेसकट.

काका : सही माझी आहे. रंग माझा नाही. मी सायीचा रंग सांगितला होता. हा चुना आहे.

पेंटर : चुनाच आहे! दोन महिने मी काय ओरडत होतो? काका, पांढरं होतंय. काका, दवाखान्याची गाडी वाटेल. तुमचं आपलं एकच, 'पिवळं दिसतंय, कमी कर. अजून कमी कर.' केला कमी!

काका : तुझा प्रायमर चुकलाय. मी लाल मार म्हणालो होतो, तू राखाडी मारलास. तो खालून दिसतोय.

पेंटर : उघड्या पत्र्यावर इपॉक्सी मारलाय, गंज धरू नये म्हणून. त्यावर पुट्टी, तीही नखाएवढी. त्यावर राखाडी प्रायमर, मग चार हात रंग. चार हातांखालून प्रायमर डोकावत नसतो, काका.

काकू : पुट्टीच्या वेळीही हेच. 'बोटभर भर, ठोकाठोक कशाला?'

पेंटर : बोटभर भरली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात खपली निघाली असती. तीन दिवस ठोकून पत्रा सरळ केला मी.

काका : तू कुणाच्या बाजूने आहेस गं?

काकू : गाडीच्या. चार वर्षं चादरीखाली आहे बिचारी. मला एकदा तिच्यात बसायचंय, अंगात जीव आहे तोवर.

काका : पस्तीस वर्षं नकाशे काढलेत मी. शाईत पाणी जास्त पडलं तर लांबून सांगायचो. मला रंग शिकवू नका.

पेंटर : मग रंग बघायला काळा चष्मा लावून का आलात?

काका : ऊन आहे.

काकू : ऊन कसलं! मोतीबिंदू काढलाय. उजव्या डोळ्याचा, मागच्या आठवड्यात. आज डॉक्टरांनी तपासलं, तिथून थेट इकडे. तुला सांगायचं नाही म्हणाले.

पेंटर : अरे देवा! मोतीबिंदू होता? तो डोक्यात घेऊन तुम्ही माझ्याकडून रंग कालवून घेत होतात?

काका : डोक्यात नाही, डोळ्यात. आणि किरकोळ होता.

पेंटर : चष्मा काढा. काढा म्हणतो ना! हे शेडचं कार्ड उजव्या डोळ्यासमोर धरा. डोळ्याला लावू नका, नुसतं आडवं. हं. आता दाराकडे बघा. कोणता रंग?

काका : साय. हाच तर मी सांगितला होता.

पेंटर : आता डाव्या डोळ्यासमोर धरा.

काका : चुना.

पेंटर : परत उजव्या.

काका : साय. तू दिवा बदलतोयस का मधे?

पेंटर : आपण अंगणात उभे आहोत, काका. उन्हाचं बटण माझ्याकडे नाही.

(काका कार्ड या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत राहतात.)

काकू : थांबा. मग माझं धुणं?

काका : त्याचं काय इथे?

काकू : सात वर्षं! 'सदरा पिवळा पडलाय, नीट खळबळत नाहीस.' सात वर्षं मी साबण बदलतेय. हात सोलून निघाले माझे. बाहेरच्या खोलीची भिंत दोनदा रंगवून घेतलीत, त्या माणसाला तोंडावर लबाड म्हणालात. तो पुन्हा आपल्या दारात आला नाही.

काका : मला तसं दिसत होतं.

काकू : आणि गेटचा खांब? तो दिसला होता?

काका : कोणता खांब?

पेंटर : काकू, गाडी टँकरने घासली ना? मला तसंच सांगितलंय.

काकू : मलाही तसंच सांगितलं. टँकर निघून गेला आणि आमच्या खांबाला गाडीचा रंग लावून गेला. रोज झाडताना बघते मी तो.

काका : तू कधी बोलली नाहीस.

काकू : काय बोलायचं? तुम्ही गाडीची किल्ली खिळ्याला अडकवलीत ती पुन्हा काढली नाहीत. मला तेवढं पुरलं.

पेंटर : जाऊ द्या, काकू. काका, इकडे या. डॅशबोर्ड काढला तेव्हा आतला रंग दाखवला होता, आठवतं? कारखान्यातून आला तसाच्या तसा, ऊन न लागलेला. तुम्ही म्हणालात, जुना होऊन पिवळा पडलाय. आता बघा. नव्या डोळ्याने.

(काका कार्डाने डावा डोळा झाकून आत वाकतात.)

पेंटर : काय?

काका : हाच. गाडी घेतली आणि हिला फिरवून आणलं, त्या दिवशी हाच होता.

पेंटर : सुटलो! दार परत घासतो, या रंगावरून कालवतो. फक्त एक सांगून ठेवतो. दुसरा डोळा झाल्याशिवाय मी रंगाची गन हातात धरणार नाही. दोन डोळ्यांचं एकमत होऊ दे, मग मला बोलवा.

काका : या एका डोळ्याने भागतंय माझं.

काकू : बघ! दोन डोळ्यांच्या दोन तारखा मिळाल्या होत्या. दुसरी यांनी परस्पर फोन करून रद्द केली. कारण विचारलं तर म्हणे रंगाचं काम चालू आहे.

पेंटर : माझ्यावर ढकललंत?

काका : अरे, घाई काय आहे त्याची?

काकू : घाई? मला गाडीत बसायचंय आणि गाडी मागे घेताना गेटचा खांबही तुम्हाला दिसायला हवाय. पहिल्या डोळ्याच्या वेळी दुखलं का?

काका : नाही.

काकू : मग डॉक्टर काही बोलले?

काका : बरे आहेत ते.

काकू : मग अडलंय कुठे तुमचं? एकदा तरी सरळ सांगा!

काका : ऑपरेशनच्या वेळी तुला आत येऊ देत नाहीत.

काकू : मी दाराशीच तर होते. बाकावर. हलले नाही तिथून.

काका : ते मला कसं कळणार? तोंडावर कापड टाकतात. कुणाचा आवाज नाही, काही नाही.

काकू : उद्या फोन करून तारीख घेते.

काका : घे. आणि बाहेर बसशील तेव्हा अधूनमधून खोकत राहा.