बुटांसकट झऱ्यात

मी मोठ्या माणसांना फाडकन बोलते, असं म्हणता ना? मग गेल्या महिन्यातलं ऐका.

डोंबिवलीहून आम्ही दहा जण किल्ल्यावर गेलेलो. वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यातले एक मामा होते. गडाखालच्या झऱ्यापाशी ते म्हणाले, "ताई, पाण्यात बूट नको."

वाटेत माझा पाय शेणात पडलेला, त्यात डोक्यावर ऊन. मी भडकलेच. "का? इथे कुठला देव बसलाय? तुम्हा मोठ्यांना सगळीकडे सोवळंच लागतं!" आणि बुटांसकट झऱ्यात उतरले. चांगले घासून बूट धुतले.

उतरताना त्यांच्या घरी टेकलो. मामींनी कळशीतून पाणी दिलं. सगळे घटाघटा प्यायले. कोणीतरी म्हणालं, "किती गोड आहे हो! कुठलं?"

"वरच्या झऱ्याचं," मामी म्हणाल्या. "पाड्याला दुसरं पाणीच नाही."

माझा पेला हातातच राहिला. मान वर करवेना.

मामा हळूच म्हणाले, "प्या ताई. हे सकाळीच भरलेलं, तुम्ही यायच्या आधी."