साडेपाचची अंगणवाडी

— हाव, मीच बांधलं त्याले. मी कुठी नाई म्हनून राह्यली, म्याडम? लिवा तुमी. सुकरी, अंगनवाडीची मदतनीस, हिनं पोचू नावाच्या लेकराच्या पायाले लुगड्याची पट्टी बांधली आन पट्टीचं दुसरं टोक व्हरांड्याच्या खांबाले. तीन दिवसाआंधी बांधलं, आजबी बांधलं, तो पाहा समोर बसला हाये, झाकनं वाजवून राह्यला. गावातल्या विक्कीनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आन फोटो गेला सरळ तुमच्या हापिसात — मागची भिंत पडली म्हनून आमी अर्ज देला होता, त्याले दोन पावसाळे झाले, त्या अर्जासाठी कोनी नाई आलं. फोटोसाठी तिसऱ्या दिवशी स्कूटी. बसा, त्या खुर्चीवर बसा, तिचा एक पाय हालते, जपून. चावी न्याले आल्या ना? मले माहीत हाये. आमच्या सेविकेनं, नीलिमाबाईनं, फोनवर सांगतलं — केंद्र बंद कराचं, लेकरं शेजारच्या गावाले जोडाची, सुकरी घरी. शेजारचं गाव तीन किलोमीटर हाये, मधात जंगल. तीन वर्षाचं लेकरू तीन किलोमीटर जंगलातून चालते का? तुमीच सांगा. बरं.

दुसरं काय लिवलं तक्रारीत? वेळेआंधी केंद्र उघडलं. हाव, उघडलं. तुमचा टाईम नऊचा, माहा साडेपाचचा. काऊन म्हनता? हा मोहाचा महिना हाये, म्याडम. मोहफूल पहाटंच गळते, ऊन चढलं का जनावरं खातेत, म्हनून बाया उजाडाच्या आंधीच टोपली घेऊन निघतेत — मायबी आन आजीबी. आजी घरी राह्यते असं तुमच्या कागदात असंल, इथी आजी सर्व्यात पुढं राह्यते. वापस येतेत दहा-अकराले. मंग साडेपाचपासून नऊपर्यंत लेकरू कोनाचं? कोनाचंच नाई. मोह सरला का तेंदूपत्ता, तेंदू सरला का धानाची रोवनी, म्हनजे हे एका महिन्याचं नाई. नऊचा टाईम ठरवला कोनं? ज्याच्या घरची बाई दहाले हापिसात जाते, त्यानं. गावात येऊन एका तरी बाईले इचारलं असतं, का बाई, तू घरून कवा निघते? येवढंच इचाराचं होतं.

आन तुमी म्हनता पोचू अडीच वर्षाचा, त्यानं इथी बसालेच नाई पायजे. तीनच्या वरचे बसतेत, तीनच्या आतल्याले घरी न्याले खान्याचं पाकीट. पाकीट भेटते, मी खोटं नाई बोलत, शिजवून खातेत लेकरं. पन पाकीट लेकरू सांभाळते का? पाकीट त्याले चुलीपासून दूर धरते? पाकीट त्याच्यासंग बोलते? अडीच वर्षाचं लेकरू दिवसातून शंभर गोष्टी इचारते, आन घरात एकटं असलं तं इचारन कोनाले — खाटेले? असं एकटं राहून राहून मुकं होते ते. मंग पहिलीत गेलं का मास्तर म्हनते, याले डोस्कंच नाई. डोस्कं असते, म्याडम. बोलाले कोनी नसते. हा पोचू, दोन महिन्याआंधी नुसता हूं-हूं करे. आता पाखरू दिसलं का बोट दाखवून 'पिट्टे' म्हनते, त्यायच्या गोंडीत, आन मी 'पाखरू' म्हनली का तेबी म्हनून पाह्यते. हे तुमच्या मोबाईलात भराले जागा हाये का? वजन भराले हाये, उंची भराले हाये.

मी मदतनीस. मदत करू कोनाची? सेविका म्हनजे नीलिमाबाई, तिच्या गळ्यात दोन केंद्रं, ती तीन दिवस इथी, तीन दिवस तिथी, आन राह्यलेला टाईम माहिती भरते — पान्याच्या टाकीवर चढून, तिथीच रेंज येते. मंग मी एकटी आन लेकरं बावीस. खिचडी शिजवा, शेंबूड पुसा, भांडनं सोडवा, पानी आना. हातपंप मांगं, चिंचेपल्याड, बोडीच्या, म्हनजे तळ्याच्या, काठानं जा लागते. मांगची भिंत नाई, म्हनून इथून पाय घसरला का सरळ बोडीच. मागच्या महिन्यात वाघ पानी पेऊन गेला त्या बोडीवर, पंजे मी सोता पाह्यले. बाकीचे एकवीस आयकतेत, बसतेत. हा पोचू मायच्या मांगं पळते. म्हनून पट्टी. दोन पदर केले, पायाले काचू नाई म्हनून. लांबीबी मोजली हाये — खेळन्याच्या टोपलीपर्यंत पोचते, पायरीच्या एक हात अलीकडं थांबते.

कुठी शिकली म्हनता? त्याच्यात शिकाचं काय. माह्या मयुरीलेबी बांधलं होतं मी, खाटेच्या पायाले. तवा अक्कल नवती, सुतळीनं बांधलं, तिच्या घोट्याले वळ हाये आजबी, भर उन्हाळ्यात मोजे घालते पोरगी. ऊर्जानगरले राह्यते ती, तिथी वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका बालवाडीत कामाले हाये. मी गेलती पाहाले. दहा लेकरायले दोन बाया, फाटक, घसरगुंडी, येवढेशे येवढेशे संडास, आन सकाऊन सातलेच उघडते — काऊन का मायबाप ड्युटीवर जातेत. त्यायची ड्युटी समजते सर्व्यायले. मोह वेचनं ड्युटी नाई का? माही पोरगी तिथी लोकायची लेकरं घसरगुंडीवर चढवते आन मी इथी तिच्याच गावची लेकरं खांबाले बांधतो. मले काय हौस हाये का लेकरू ढोरावानी बांधाची? राग येते मले. फोटोचा नाई, फोटो खरा हाये. तुमी फोटो पाहून आल्या, भिंत पाहून नाई आल्या, त्याचा येते. आन मयुरीचं म्हनाल तं, बांधलं म्हनून ती हाये. लहानूले नवतं बांधलं.

नाई, काई नाई. ते लिवू नोका. कोन लहानू? माहा पह्यला. जाऊ द्या न — अडीच वर्षाचाच होता. त्या दिवशी मी आलती त्याले घेऊन, इथीच, याच पायरीवर, एका हातात टोपली, कडेवर तो. दाराले कुलूप. हेच कुलूप, आता तुमी पाहून राह्यल्या ना, हेच. नऊले उघडते हे मलेबी माहीत होतं, तरी आली, म्हनलं कोनी असलं तं असलं. मंग घरी नेऊन निजवला, दार ओढून घेतलं आन गेली. तो उठला आन निघाला माह्या मांगं. बोडीत पानी किती होतं माहीत हाये? उन्हाळा होता. माह्या पोटरीयेवढं. लोकं म्हनतेत सुकरीले सरकारी कामाची लय हौस. हौस कायची? मले चावी पायजे होती.

बाकीचं लिवा. पोचूले सोडा म्हनता? तुमच्यासमोर सोडाचं, मंग तुमी फोटो काढान, सुधारना झाली म्हनून. बरं, हे घ्या, सोडलं. आता तुमी धरा त्याले. बावीस नाई देत, एकच देतो. मोठी पोरं आपली आपली बसतेत. मी एक बादली आनतो, डाळ शिजाची हाये.

— आली मी. बोला, बोला फोनवर, साहेबाचा असंल. पोचू कुठी हाये, म्याडम? इकडं तिकडं नोका पाहू, आतबी नाई, हा पाहा माह्या कडेवर हाये. कुठी भेटला सांगू? बोडीच्या काठाले. माह्या मांगं मांगं येत होता, तिथी बेडूक दिसला, तं वाट सोडून उतरला खाली. माहा पाय अडखळला म्हनून मी वळून पाह्यलं, नाई तं नसतं पाह्यलं. बादली तिथीच सांडली माही. तुमाले दोष नाई देत मी. एक फोन आला तुमाले आन एक लेकरू होतं, येवढंच झालं.

काय लिवाचं ते लिवा. चावी त्या खिळ्याले टांगली हाये, न्याची तं न्या, पन मंग उद्या साडेपाचले या पायरीवर कोन असंल तेबी त्याच कागदावर लिवून द्या. कागद पिशवीत टाकला तुमी. मंग जा आता, ऊन चढून राह्यलं, तुमाले लांब जा लागते. थांबा — ती पट्टी द्या इकडं, तुमच्या खुर्चीखाली पडली हाये.