साहेबांच्या डोक्याचा साचा

—छे छे, बोलू नका साहेब! ओठ हलला की साचा वाया. ठरलंय ना आपलं, त्रास झाला तर उजवा हात वर करायचा. बस्स. बाकी काही हलणारच नाही आता, कोपरापर्यंत प्लास्टर थापलंय मी. तुम्हीच म्हणालात — ओरिएबाई, नुसतं मुंडकं नको, छाती-दंडासकट हवं, करवतीनं कापल्यासारखं. मग घ्या! गरम लागतंय? लागणारच, घट्ट होताना तापतंच ते. नाकात दोन नळ्या आहेत, सावकाश श्वास घ्या.

गंमतच की नाही — दिग्दर्शक म्हणून एवढे याकुझा गुंड मारलेत पडद्यावर, आता स्वतःचं मुंडकं खोक्यात घालून दाखवायची हौस! लोक टाळ्या वाजवतील हो. हसतील. पहिलं बोट तुटलं की किंचाळतात, तिसऱ्यापासून हसायला लागतात — मी बघते ना, क्योटोत तुमचा सिनेमा लागला की मी मागच्या रांगेत, सुकं माखूळ चघळत. खरे याकुझाही येतात, आणि डोळे सगळ्यांत आधी तेच झाकतात! आमच्या शेजारचे बँकेतले कुसुमी — दिवसभर कमरेत वाकून 'माफ करा, माफ करा' — ते मात्र पहिल्या खेळाला हजर. काय आवडतं म्हणे त्यात? अहो, ज्याच्यापुढे वाकायचं त्याचं थोबाड मनात रोज फोडलेलं असतंच, तुम्ही ते रंगात दाखवता. शिवाय दुखतं ते दुसऱ्याला. मलाही आवडतं. रक्त मीच कालवते, साखरेच्या पाकात, सगळं ठाऊक असतं — तरी बघितलं की कसं गार वाटतं.

आणि सगळ्यांत गाजलेला प्रसंग कुठला? गोदामातला. हुकाला टांगलेला तो चुगलखोर — काय तडफडतो! बक्षीस त्याच्यावरच मिळालं ना तुम्हाला? तो नट आठवतो? कुठला आठवणार, जन्मभर मरायचंच काम केलं त्यानं — तलवारीनं, गोळीनं, एकदा तर भाताच्या कुकरनं. कात्सुजी नाव. आमचे हे.

अहो, दचकू नका, तडा जाईल.

तेव्हाही हेच ठरलं होतं, नाही? त्रास झाला तर उजवा हात वर. छातीवरचा पट्टा सरकून गळ्यात बसला — ह्यांनी केला हात वर. आणि तुम्ही काय म्हणालात? 'वा, काय खरं वाटतंय! चालू ठेवा!' कॅमेरा चालू, पंखा चालू, सगळं चालू. जिवंत आहेत हो. जीव नाही गेला, डोकं गेलं. मी पेज भरवते, घशात अडकली की अजून उजवा हात वर करतात. मी लगेच थांबते. एवढंसं तर काम असतं.

अगंबाई — डावीकडच्या नळीत प्लास्टर ओघळलं वाटतं. मी नाही हं! ओघळतं कधी कधी आपलं आपणच, पट्टा सरकतो तसं. दुसरी आहे की. थांबा, मान हलवू नका, आता तिच्यातपण—

हां. आला वर. उजवाच. आणि बोटं कशी थरथरतायत! मागच्या रांगेतूनसुद्धा दिसतील.

वा साहेब, काय खरं वाटतंय. चालू ठेवा.